करार झाला, आता लहान देशाचा माल विकला जाईल का?

प्रश्न असा आहे: दोन विकसनशील देशांना आपले राजकीय आणि आर्थिक संबंध मजबूत करायचे असतील तर सुरुवात कुठून करावी? नेत्यांच्या भेटी होतात, सामंजस्य करारांची लांबलचक यादी जाहीर होते, आणि चार-पाच वर्षांनी पाहावं तर व्यापार होता तिथेच. असं का होतं, आणि ते कशाने बदलतं?

व्यापारविषयक वाटाघाटी आणि त्यांच्या अंमलबजावणीच्या कामात माझी पंचवीसहून अधिक वर्षं गेली. त्यावरून माझं उत्तर असं: सुरुवात दोघांतल्या लहान देशाच्या निर्यातीपासून करा. त्याचा कोणता माल मोठ्या देशात खपू शकतो, पण आज जात नाही, आणि तो नेमका कुठे अडतो हे शोधा. ती अडचण दूर झाली की राजकारणाला उभं राहायला जमीन मिळते. ती तशीच राहिली तर कितीही घोषणा झाल्या तरी लहान देशात एक शंका घर करून राहते, की हा शेजारी आपल्याकडे फक्त गिऱ्हाईक म्हणून बघतो.

दोन विकसनशील देश कागदावर समान असतात, प्रत्यक्षात क्वचितच. एकाची लोकसंख्या, बाजारपेठ, कारखानदारी दुसऱ्याच्या कितीतरी पट असते. त्यात दोघेही बहुतेक वेळा सारख्याच वस्तू बनवतात: कापड, साखर, तेलबिया, सिमेंट, औषधं. दोघांनाही डॉलरची चणचण असते. आपली बाजारपेठ उघडली तर आपलेच कारखाने बंद पडतील, ही भीतीही दोघांना असते. श्रीमंत देश असा असमतोल मदतीचे पैसे देऊन झाकतो. इथे तेवढे पैसे कुणाकडेच नसतात. म्हणून असमतोल कसा हाताळायचा, हा प्रश्न पहिल्याच बैठकीत घ्यावा लागतो. तो पुढे ढकलला की काय होतं, हे पूर्व आफ्रिकेने फार मोठी किंमत देऊन पाहिलं आहे.

केनिया, युगांडा आणि टांझानिया यांनी 1967 मध्ये पूर्व आफ्रिकी समुदाय स्थापन केला. तो नावापुरता नव्हता. तिन्ही देशांची रेल्वे, बंदरं, विमान कंपनी, टपाल आणि दूरसंचार सेवा एकत्र चालत होत्या. एवढं एकत्रीकरण तेव्हा विकसनशील जगात दुर्मीळ होतं. तरी 1977 मध्ये तो मोडला. युगांडात इदी अमीन सत्तेवर आल्यावर टांझानियाचे अध्यक्ष न्येरेरे यांनी त्यांच्यासोबत बसायला नकार दिला, हे एक कारण. पण मुळाशी जुनी तक्रार होती: कारखाने केनियात उभे राहतात, फायदा तिकडे जातो, आणि बाकीचे दोघे केनियाचा माल विकत घेतात. समुदाय मोडल्यावर केनिया-टांझानिया सीमा 1983 पर्यंत बंद राहिली आणि सामाईक मालमत्तेची वाटणी व्हायला 1984 उजाडलं. समुदाय पुन्हा उभा राहिला तो 2000 मध्ये. तेवीस वर्षं वाया गेली. लहान भागीदाराची तक्रार वेळेवर ऐकून घेतली असती तर ती वाचली असती असं ठामपणे म्हणता येणार नाही, पण मोडणं एवढं सोपं तरी झालं नसतं.

कुठल्याही दोन देशांच्या संबंधांवर मत द्यायला सांगितलं की मी आधी त्यांच्या संयुक्त आयोगाच्या मागच्या तीन बैठकांची इतिवृत्तं मागवून घेतो. भाषणं नंतर वाचतो. तिन्ही इतिवृत्तांत तोच मुद्दा तोच शब्दप्रयोग घेऊन आला असेल, ‘दोन्ही बाजूंनी या विषयावर सकारात्मक चर्चा करण्याचे मान्य केले’, तर समजायचं की ती फाइल कुणाच्याच टेबलावर नाही. एका बैठकीत तर मागच्या वेळचा मजकूर तारीख बदलून जसाच्या तसा आला होता, आणि ते दोन्ही शिष्टमंडळांपैकी कुणाच्याही लक्षात आलं नव्हतं. त्या मजकुरात ज्या उत्पादनाचा उल्लेख होता, त्याचा निर्यातदार तोवर धंदा सोडून गेला होता.

आता करार. शुल्कसवलतीचा करार लहान देशाला प्रत्यक्षात किती उपयोगी पडतो हे समजून घ्यायचं असेल तर भारत-श्रीलंका मुक्त व्यापार कराराइतकं चांगलं उदाहरण शोधून सापडणार नाही. करार 28 डिसेंबर 1998 ला झाला आणि 1 मार्च 2000 पासून लागू झाला. त्याची रचना लहान देशाचा विचार करून केलेली होती. भारताने आपली शुल्कं तीन वर्षांत उतरवायची, श्रीलंकेला आठ वर्षांची मुभा. सवलतीतून वगळलेल्या वस्तूंची श्रीलंकेची यादीही भारताच्या यादीपेक्षा खूप मोठी. हे योग्यच होतं. मोठ्याने आधी आणि जास्त उघडायचं, लहानाने सावकाश, हे तत्त्व इथे करारातच लिहिलेलं होतं.

पण श्रीलंकेचा नावाजलेला माल कोणता? चहा आणि तयार कपडे. नेमकं या दोन वस्तूंवर कोटा होता. चहा वर्षाला 1.5 कोटी किलो, तोही अर्ध्या शुल्कात, आणि सुरुवातीला फक्त कोची आणि कोलकाता या दोन बंदरांतून. कपडे 80 लाख नग, त्यातले 60 लाख भारतीय कापडापासून शिवलेले हवेत. भारतातल्या चहामळ्यांना आणि कपडे उद्योगाला सांभाळायचं होतं, त्यांची बाजू मला समजते. परंतु कोलंबोतल्या कपडे कारखानदाराच्या जागी बसून पाहा. त्याचा ग्राहक युरोप-अमेरिकेत, त्याचं कापड भलतीकडून येणारं. एवढ्या अटी पाळून थोडासा माल भारतात पाठवण्यासाठी तो वेगळी व्यवस्था का उभी करील? सुरुवातीच्या वर्षांत कोटाही पुरता वापरला गेला नाही. पुढे काही अटी सैल झाल्या, पण तोवर करार लागू होऊन बरीच वर्षं उलटली होती.

मग निर्यात वाढली कशाची? वनस्पती तुपाची आणि तांब्याची. श्रीलंकेत पामतेलावरचं आयातशुल्क कमी, भारतात जास्त. तेव्हा पामतेल श्रीलंकेत आणायचं, त्याचं वनस्पती करायचं आणि करारातून बिनशुल्क भारतात पाठवायचं. तांब्याचंही तेच, आणि श्रीलंकेत तांब्याच्या खाणी नाहीत. आकडे झपाट्याने चढले, करार यशस्वी झाल्याच्या बातम्या आल्या. मग भारतातल्या उत्पादकांनी ओरड केली, वनस्पतीवर कोटा आला, भारताने स्वतःचं शुल्कही उतरवलं, आणि तो धंदा आला तसा गेला. श्रीलंकेत उरले बंद कारखाने आणि ‘भारत दिलेलं परत घेतो’ ही भावना. पुढचा, सेवा आणि गुंतवणुकीचा अधिक व्यापक करार 2008 च्या सुमारास जवळजवळ तयार होता, पण श्रीलंकेतल्या विरोधामुळे त्यावर सही झाली नाही. तो विरोध आभाळातून पडला नव्हता.

यातून मी दोन गोष्टी शिकलो आणि प्रत्येक वाटाघाटीत त्यांचा आग्रह धरतो. एक, करारानंतर व्यापाराचा एकूण आकडा वाढला म्हणून खूश व्हायचं नाही. तो कोणत्या वस्तूंचा वाढला, त्या वस्तू त्या देशात खरोखर बनतात का आणि त्यात किती लोकांना काम मिळतं, हे विचारायचं. शुल्कातल्या फरकावर जगणारा व्यापार फरक मिटला की मरतो, आणि मरताना संबंधही बिघडवून जातो. दोन, मूळ देशाबद्दलचे नियम, म्हणजे माल नेमका कोणत्या देशाचा मानायचा हे ठरवणारे नियम, लिहिताना लहान देशाचा कारखानदार समोर बसलेला हवा. किमान 35 टक्के मूल्यवर्धन देशात व्हायला हवं, ही अट वाचायला सोपी वाटते. पण ज्याचा कच्चा माल जवळजवळ सगळाच आयात होतो त्याला ती भिंत वाटते. श्रीलंकेच्या करारात भारतीय कच्चा माल वापरला तर श्रीलंकेतलं मूल्यवर्धन 25 टक्के असलं तरी चालेल, अशी सोय होती. ही सोय फार शहाणपणाची आहे. त्यामुळे दोन्ही देशांचे कारखाने एकमेकांना जोडले जातात, आणि मग एकाचं नुकसान दुसऱ्याला परवडत नाही.

शुल्क उतरलं तरी माल सीमेवर अडू शकतो. एका भूबंदरावर मी खाद्यपदार्थांचे ट्रक दिवसेंदिवस उभे असलेले पाहिले आहेत. शुल्क शून्य, कागद पूर्ण, मूळ देशाचा दाखला जोडलेला. अडलं ते नमुन्याच्या तपासणीत. नमुना शेकडो किलोमीटर लांबच्या प्रयोगशाळेत जायचा, अहवाल यायला आठवडे लागायचे, तोवर गोदामभाडं आणि ट्रकचं थांबाभाडं नफ्याहून जास्त व्हायचं. पलीकडच्या देशातही तीच तपासणी झालेली होती, पण तिकडच्या प्रयोगशाळेचा अहवाल इकडे ग्राह्य नव्हता. यावर उपाय मंत्र्यांच्या भेटीत सापडत नाही. दोन्हीकडच्या मानक संस्थांमधले तांत्रिक लोक एकत्र बसतात, एकमेकांच्या प्रयोगशाळा पाहतात, उपकरणं आणि पद्धती तपासतात, आणि वस्तूगणिक मान्यता देतात. लहान देशाची प्रयोगशाळा कमी पडत असेल तर मोठ्याने ती सुधारायला पैसे आणि माणसं द्यावीत. माझ्या मते कुठल्याही मैत्री-पुलापेक्षा किंवा सभागृहापेक्षा हा खर्च जास्त फळ देतो, आणि तो फार मोठाही नसतो. तरी या कामाला उद्घाटनाची फीत नसते म्हणून ते मागे पडतं, याचं मला आजही वाईट वाटतं.

आणखी एक जागा अशी की जिथे मोठा देश नकळत दुखावतो: स्वतःचं आयात धोरण अचानक बदलताना. 2016 मध्ये भारताने मोझांबिकशी डाळींच्या खरेदीबाबत पाच वर्षांचा सामंजस्य करार केला. तुरीसह डाळींची आयात एक लाख टनांपासून वाढवत 2020-21 पर्यंत दोन लाख टनांवर न्यायची होती. कल्पना उत्तम होती. भारताला तूर हवी, मोझांबिकच्या छोट्या शेतकऱ्याला नगदी पीक हवं, आणि तुरीचं एवढं मोठं गिऱ्हाईक जगात दुसरं नाही. पण पुढच्याच वर्षी भारतात विक्रमी पीक आलं, भाव कोसळले, आणि ऑगस्ट 2017 मध्ये तुरीच्या एकूण आयातीवर दोन लाख टनांची मर्यादा आली. मोझांबिकला कराराप्रमाणे त्यातून सूट होती. तरी तिथले भाव पार खाली गेले. व्यापाऱ्याने फक्त बातमी ऐकली आणि खरेदी थांबवली, सूट आहे हे गावातल्या शेतकऱ्यापर्यंत पोहोचलंच नाही. भारतातला तूर उत्पादक तेव्हा अडचणीत होता, त्याला सांभाळणं सरकारचं पहिलं काम होतं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण करार करताना हेही ठरवून ठेवता येतं की धोरण बदलण्याआधी दुसऱ्या देशाला किती दिवस आधी कळवायचं, पेरणीच्या हंगामात बदल करायचा नाही, आणि सूट असेल तर ती त्या देशाच्या भाषेत, रेडिओवरून, कुणी जाहीर करायची. अशी कलमं लिहायला अर्धा दिवस लागतो.

आता मोठ्या, सामाईक प्रकल्पांकडे येतो. लोक मला हमखास विचारतात, की एखादं धरण, रेल्वेमार्ग, वीजवाहिनी बांधली तर संबंध घट्ट होतील ना? होतात, पण वाटणी कशी आहे यावर. पाराना नदीवरचं इताइपू धरण हे ब्राझील आणि पॅराग्वे या दोघांचं. 26 एप्रिल 1973 चा करार, 14,000 मेगावॉट क्षमता, मालकी निम्मी-निम्मी, दोन्ही देशांचे दोन प्रमुख. त्या वेळी दोन्हीकडे लष्करी राजवट होती. पॅराग्वेची वीज 50 हर्ट्झवर चालते, ब्राझीलची 60 वर. पॅराग्वेने आपली वारंवारता बदलावी असा ब्राझीलचा आग्रह होता. पॅराग्वेने नकार दिला, आणि निम्मी जनित्रं 50 हर्ट्झची बसवावी लागली. पॅराग्वेच्या वाट्याची शिल्लक वीज ब्राझीलला नेण्यासाठी ती एकदिश प्रवाहात बदलून शेकडो किलोमीटर लांब साओ पावलोकडे पाठवायची व्यवस्था उभारली गेली. खर्च वाढला. पण पॅराग्वेकडे ‘आमची जनित्रं’ म्हणून बोट दाखवायला काहीतरी राहिलं. मोठ्या देशाच्या अभियंत्याला हे बिनकामाचं वाटतं. संबंधांच्या हिशेबात ते फार कामाचं असतं.

जे चुकलं ते भावात चुकलं. पॅराग्वेला आपल्या वाट्याची सगळी वीज लागतच नव्हती, आणि उरलेली त्याने तिसऱ्या देशाला विकायची नाही, ब्राझीललाच द्यायची, असा करार होता. तिचा मोबदला पॅराग्वेच्या लोकांना अपमानास्पद वाटत होता. ती खदखद दशकानुदशकं वाढली आणि 2008 च्या अध्यक्षीय निवडणुकीत उमेदवार फर्नांदो लुगो यांचा मुख्य मुद्दा बनली. ते निवडून आले. 2009 मध्ये ब्राझीलचे अध्यक्ष लुला यांनी मोबदला तिप्पट, वर्षाला सुमारे 12 कोटी डॉलरवरून 36 कोटी करायचं मान्य केलं, आणि 2011 मध्ये ब्राझीलच्या संसदेने त्यावर शिक्कामोर्तब केलं. ब्राझीलमध्ये टीका झाली, की सही केलेला करार बदलायचा कशाला? माझ्या मते लुलांचा निर्णय बरोबर होता. कायद्याने ब्राझील बांधलेला नव्हता. पण शेजाऱ्याच्या घरात आपल्या नावाने रोज चरफड होत असेल तर त्या कराराची खरी किंमत आपण मोजतच असतो, फक्त ती ताळेबंदात दिसत नाही.

याच धरणाने पुढे आणखी एक धडा दिला. 2019 मध्ये वीज खरेदीबाबत दोन्ही सरकारांनी गुपचूप एक समझोता केला. तो फुटल्यावर पॅराग्वेच्या अध्यक्षांवर महाभियोगाची वेळ आली आणि ऑगस्टच्या पहिल्या तारखेला समझोता रद्द करावा लागला. लहान देशाचं सरकार मोठ्या शेजाऱ्याशी लपूनछपून काही ठरवतं आहे, एवढी शंकाही ते सरकार पाडू शकते. म्हणून मी नेहमी सांगतो: वाटाघाटी बंद खोलीत चालू देत, पण आकडे दोन्ही संसदांसमोर ठेवा.

सुरक्षेबद्दलचा संशय असेल तर आधी तोच हाताळावा लागतो. अर्जेंटिना आणि ब्राझील एकमेकांकडे अणुकार्यक्रमामुळे संशयाने पाहत होते. त्याआधी पाराना नदीच्या पाण्यावरून वाद होता. तो 1979 मध्ये पॅराग्वेसह तिघांच्या कराराने मिटला. 1980 मध्ये अणुसहकार्याचा करार झाला. पुढे दोन्हीकडे लोकशाही आली. 1985 मध्ये अर्जेंटिनाचे अध्यक्ष आल्फोन्सिन आणि ब्राझीलचे अध्यक्ष सार्ने यांनी इग्वासूत संयुक्त घोषणा केली, आणि 1987 मध्ये आल्फोन्सिन यांनी ब्राझीलच्या अध्यक्षांना अर्जेंटिनातल्या पिल्कानियेऊच्या युरेनियम संवर्धन केंद्रात नेलं. जे लपवायचं तेच दाखवलं. पुढच्या वर्षी ब्राझीलने आपलं केंद्र दाखवलं. 1991 मध्ये दोघांची संयुक्त तपास संस्था उभी राहिली, रिओ दि जानेरोत. तिच्यामार्फत ब्राझीलचे तज्ज्ञ अर्जेंटिनातल्या केंद्रांची आणि अर्जेंटिनाचे ब्राझीलमधल्या केंद्रांची तपासणी करतात. त्याच वर्षी, 26 मार्चला, असुन्सिऑनच्या कराराने मर्कोसूर जन्माला आला. व्यापार संघटना आणि अणुतपासणी एकाच वर्षी, हा योगायोग मी मानत नाही. संशय उतरल्याशिवाय कुणी आपली बाजारपेठ शेजाऱ्याला देत नाही.

सरकार बदललं की संबंध का कोसळतात, हाही प्रश्न इथे येतो. कारण बहुतेक वेळा ते देशाशी नसून सत्तेतल्या पक्षाशी असतात. भारत आणि बांगलादेश यांच्या सीमेवरच्या वसाहतींचा, म्हणजे एकाच्या हद्दीत अडकलेल्या दुसऱ्याच्या भूभागांचा, करार 1974 चा. बांगलादेशाच्या संसदेने तो त्याच वर्षी मंजूर केला; भारताला घटनादुरुस्ती करायला 2015 उजाडलं. 31 जुलै 2015 च्या मध्यरात्री भारताच्या 111 आणि बांगलादेशाच्या 51 अशा वसाहतींची अदलाबदल झाली आणि सुमारे 50 हजार माणसांना अखेर देश मिळाला. भारतात ती दुरुस्ती सर्व पक्षांनी मिळून मंजूर केली, म्हणून ती टिकली. तीस्ता पाणीवाटपाचं उलट झालं: 2011 मध्ये भारताचे पंतप्रधान ढाक्याला पोहोचले, पण पश्चिम बंगाल सरकारचा विरोध असल्याने सही झाली नाही. ज्या राज्याची नदी, त्याला आधी बरोबर घ्यायला हवं होतं. ऑगस्ट 2024 मध्ये ढाक्यात सत्ता बदलली, आणि 2025 मध्ये भारताने बांगलादेशी निर्यातीची ट्रान्सशिपमेंट सोय, म्हणजे भारतातून तिसऱ्या देशाला माल पाठवायची मुभा, काढून घेतली, बांगलादेशाने भूमार्गाने येणारं भारतीय सूत बंद केलं, भारताने भूबंदरांतून येणाऱ्या तयार कपड्यांवर बंधनं घातली. सीमेवरच्या हमालापासून गिरणीमालकापर्यंत दोन्हीकडच्या लोकांनी हे सोसलं. म्हणून विरोधी पक्षांशी, राज्यांशी, कामगार संघटनांशी बोलणं ही राजदूताची वेळ मिळाला तर करायची कामं नव्हेत. त्यांतच त्याचा दिवस जायला हवा.

आर्थिक बाजूच्या काही गोष्टी थोडक्यात. स्थानिक चलनात व्यवहार करायची कल्पना चांगली आहे आणि लहान निर्यातदाराला तिचा खरा उपयोग होतो. ब्राझील आणि अर्जेंटिना यांनी 2008 पासून अशी व्यवस्था सुरू केली आहे. पण ज्याची विक्री जास्त, त्याच्याकडे दुसऱ्याचं चलन साठत जातं आणि त्याला ते खर्चायला जागा लागते. जागा नसेल तर व्यवस्था लंगडते. म्हणजे पुन्हा मूळ मुद्दा तोच: लहान देशाकडून घेण्यासारखं काहीतरी मोठ्याने घेतलं पाहिजे. पतमर्यादा, म्हणजे ठरावीक रकमेपर्यंतचं कर्ज, द्यायची तर अटी पाहा. कर्जाच्या रकमेतला मोठा हिस्सा कर्ज देणाऱ्याच्याच माल-सेवांवर खर्च करायचा, अशी अट सर्रास असते. भारताच्या पतमर्यादांत तो साधारण 75 टक्के असतो. हे समजण्यासारखं आहे, पण उरलेल्या हिश्श्यात स्थानिक कंत्राटदार आणि कामगार दिसायलाच हवेत, नाहीतर रस्ता तयार होतो आणि गावकरी त्याला परक्याचा रस्ता म्हणतात. कायद्याचं म्हणाल तर जागतिक व्यापार व्यवस्थेत 1979 पासून अशी मुभा आहे की विकसनशील देश एकमेकांना सवलत देऊ शकतात आणि तीच इतर सगळ्यांना द्यायचं बंधन नसतं. ‘नियम आडवे येतात’ हे कारण कुणी सांगितलं तर ते बहुतेक वेळा तपासून पाहिलेलं नसतं.

शिष्यवृत्त्या, सांस्कृतिक मंडळं, चित्रपट महोत्सव यांच्याबद्दल मी फार लिहीत नाही. चांगलेच आहेत. फक्त शिकून परत गेलेल्या विद्यार्थ्याची पदवी त्याच्या देशात ग्राह्य धरली जाते का, आणि त्याला पुन्हा यायचं झालं तर व्हिसा किती दिवसांत मिळतो, हे दोन प्रश्न आधी सोडवा.

पहिल्या वर्षात काय करावं असं विचाराल तर मी लहान देशाच्या दहा वस्तू निवडीन, प्रत्येकीचा एक खेप-प्रवास कारखान्यापासून दुकानापर्यंत स्वतः किंवा विश्वासू माणसाकरवी पाहीन, कुठे किती तास गेले आणि कुणाला किती पैसे द्यावे लागले ते लिहून काढीन. मग प्रत्येक अडचणीसमोर दोन्ही देशांतल्या एकेका अधिकाऱ्याचं नाव लिहीन. खात्याचं नव्हे, माणसाचं. ते दोघे एकमेकांना ओळखत नसतील तर त्यांची भेट घालून देईन, आणि दर महिन्याला त्यांच्याकडून एकच ओळ मागीन: या महिन्यात काय सुटलं. वर्षाअखेरीस मंत्री भेटतील तेव्हा त्यांच्यासमोर हा कागद ठेवीन. जे खालच्या पातळीवर सुटत नाही तेवढंच वर न्यायचं.

आणि जिथे मोजमाप हाच वादाचा मुद्दा आहे, तिथे मोजणारे दोन्हीकडचे हवेत. भारत आणि बांगलादेश यांच्या 12 डिसेंबर 1996 च्या गंगा पाणीवाटप करारात 1 जानेवारी ते 31 मे या काळात दहा-दहा दिवसांच्या हिशेबाने पाणी वाटायचं ठरलं, आणि भारतात फराक्का इथे व बांगलादेशातल्या हार्डिंज पुलाजवळ संयुक्त पथकं बसवली गेली. ती रोजचा प्रवाह मोजतात आणि नोंद दोन्ही सरकारांकडे जाते. गेल्या तीस वर्षांत दोन्ही राजधान्यांतली सरकारं बदलली, सीमेवर तणाव आला, व्यापार अडला. कराराची मुदत डिसेंबर 2026 मध्ये संपते. पुढच्या करारासाठी जे बसतील त्यांच्यासमोर दोघांच्याही माणसांनी एकत्र मोजलेल्या पाण्याच्या तीस उन्हाळ्यांच्या नोंदी असतील.